द्राक्षबागेतलं घर आणि गावचा सातबारा



आपल्या सचिन-उधना पट्ट्यातल्या घरांमध्ये पूर्वी चार पैसे साठले की दोनच बेत व्हायचे. एकतर गावाकडचं घर पक्कं करायचं, नाहीतर इथेच डिंडोली-पांडेसराकडे आणखी एक रो-हाऊस घ्यायचं. आता तिसरा बेत ऐकू येतो आणि तो तुमच्या पिढीने आणलाय. नाशिकजवळ, द्राक्षाच्या बागांमध्ये, एक छोटंसं घर.

बेत वाईट नाही. इथून नवसारी, चिखली, वांसदा, वघई करत सापुताऱ्याचा घाट चढला की हातगड, बोरगाव, वणी आणि मग दिंडोरी. सप्तशृंगीच्या दर्शनाला आपण याच रस्त्याने जातो. पाच-एक तासांत हवा बदलते, भाषा आपली होते आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मांडवावर चढलेल्या वेली दिसू लागतात. इथल्या गिरणीच्या आवाजातून आणि डाइंगच्या वासातून तिथे गेलेल्या माणसाला वाटणारच, की आपलंही इथे काहीतरी असावं.

परवा एका पुतण्याने मोबाइलवर फोटो दाखवले.

"काका, अकरा गुंठे आहेत. मागे डोंगर, पुढे धरणाचं पाणी, शेजारी वाइनच्या द्राक्षांची बाग. आधी शनिवार-रविवार जाऊ, मग तिथूनच काम करू."

"छान आहे रे. सातबाऱ्यावर नाव कोणाचं लागणार?"

"माझंच की."

"तू शेतकरी आहेस का?"

तो हसायला लागला. "काका, मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, तुम्हाला माहितीये ना!"

मला माहीत होतं. पण दिंडोरीच्या दुय्यम निबंधकांच्या टेबलावर हाच प्रश्न येतो आणि तिथे तो गमतीत विचारलेला नसतो. म्हणून या वेळचा लेख त्या प्रश्नावर.

वाइनचं नाशिक

नाशिक जिल्ह्यात खाण्याची द्राक्षं कितीतरी आधीपासून होती. वाइनचं नाव गाजलं ते अलीकडे. १९९० च्या दशकात राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून परत आले आणि गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर त्यांनी वाइनची द्राक्षं लावली. आई सुलभा यांच्या नावावरून कंपनीचं नाव ठेवलं 'सुला'. पहिली वाइन २००० साली बाहेर आली. २००१ मध्ये महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. वाइनरीला सवलती मिळाल्या, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क ठरले. मग दिंडोरी, निफाड, इगतपुरी अशा तालुक्यांत वाइनऱ्या उभ्या राहिल्या. 'नाशिक व्हॅली वाइन' या नावाला भौगोलिक मानांकनही मिळालं.

पुढचा भाग मात्र जाहिरातीत नसतो. २००८-०९ च्या मंदीत वाइनचा खप घसरला. वाइनऱ्यांकडे माल पडून राहिला, काही बंद पडल्या, काहींनी शेतकऱ्यांची द्राक्षं उचलली नाहीत. अनेकांनी वाइनच्या वेली उपटून टाकल्या आणि पुन्हा खाण्याची द्राक्षं किंवा टोमॅटो लावला. हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. फ्रान्समधलं बोर्दो म्हणजे वाइनचं माहेरघर, पण तिथेही खप कमी झाल्यामुळे २०२३ पासून सरकारी पैसे देऊन हजारो हेक्टर बागा काढायची वेळ आली.

सांगायचं काय, तर फोटोतली शेजारची बाग तुमची नसते. ती शेजाऱ्याचा धंदा असतो. उद्या परवडलं नाही तर तो तिथे टोमॅटो लावेल, पॅकहाऊस बांधेल किंवा लग्नाचं लॉन काढेल. तुम्ही विकत घेताय ती तुमच्या कुंपणाच्या आतली जमीन. त्यामुळे भाव ठरवताना कुंपणाबाहेरचा देखावा त्यात धरू नका.

तू शेतकरी आहेस का?

आता मुद्द्यावर येऊ. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायला आधी स्वतः शेतकरी असावं लागतं. १९४८ च्या कूळकायद्याचं कलम ६३ हेच सांगतं. जमीन कसणाऱ्याच्या हाती राहावी, सावकार आणि शहरी पैशाच्या हाती जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. तेव्हा महाराष्ट्र-गुजरात वेगळे नव्हते, दोन्हीकडे मुंबईचाच कारभार होता. आपलं सचिन तर त्याच १९४८ सालापर्यंत नवाबाचं संस्थान होतं. हे संस्थानही जमिनीच्या व्यवहारातूनच जन्मलेलं, बरं का. १७९१ मध्ये जंजिऱ्यावरचा हक्क सोडण्याच्या बदल्यात पेशव्यांशी करार होऊन सिद्दी घराण्याला सचिनचा मुलूख मिळाला होता.

फ्रान्समध्येही १९६० पासून 'साफेर' नावाच्या संस्था आहेत. शेतजमीन विकायची असेल तर त्यांना कळवावं लागतं आणि एखाद्या शेतकऱ्यासाठी ती जमीन त्या मधेच स्वतः घेऊ शकतात. तेव्हा आपल्याकडचा हा नियम म्हणजे जुनाट अडगळ आहे, असं समजू नका. जगात जिथे जिथे शेतीची जमीन सुंदर दिसते, तिथे तिथे ती शहरी पैशापासून राखावी लागते.

शेतकरी असण्याचा पुरावा म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव. आपल्यातल्या बऱ्याच जणांची मुळं धुळे, जळगाव, नंदुरबारला आहेत. आजोबांची चार-पाच एकर कोरडवाहू होती, आबा सुरतेला आले, जमीन चुलत्यांनी सांभाळली. तुम्ही म्हणाल, "आमची जमीन आहे की गावाला!" आहे, पण कोणाच्या नावावर? आपल्या घरांत तीन गोष्टी नेहमी झालेल्या असतात.

पहिली गोष्ट म्हणजे, आजोबा जाऊन वीस वर्षं झाली तरी वारसनोंद केलेली नसते. सातबारा अजून त्यांच्याच नावावर असतो. हक्क आहे, पण कागद बोलत नाही. हे तलाठ्याकडे अर्ज करून सुधारता येतं. तलाठ्याचं पदनाम आता 'ग्राम महसूल अधिकारी' झालंय, काम तेच.

दुसरी गोष्ट म्हणजे हक्कसोडपत्र. "तुम्ही सुरतेला स्थायिक, तुम्हाला काय करायचीये जमीन? सही करून द्या," असं कोणीतरी प्रेमाने म्हणतं आणि सही होते. मुलींच्या बाबतीत तर हे जवळजवळ ठरलेलंच असतं. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, पण 'माहेर तुटायला नको' म्हणून ती भाऊबीजेच्या आधी सही करून मोकळी होते. एकदा नोंदणीकृत हक्कसोडपत्र झालं आणि फेरफार मंजूर झाला की नाव निघतं. दुसरीकडे कुठेच जमीन नसेल, तर जमिनीबरोबर शेतकरी ही ओळखही जाते. सही करू नका असं मी म्हणत नाही. भावासाठी सोडायची इच्छा असेल तर जरूर सोडा. पण आपण गावातल्या दोन एकरांवर सही करतोय की महाराष्ट्रात पुढे कधीही शेतजमीन घेण्याच्या वाटेवर, हे कळून सही करा. चारच गुंठे नावावर ठेवून बाकी सोडणं हाही एक मार्ग असतो. भावाशी आधी मोकळेपणाने बोललं तर त्यात वाईटपणा येत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात फसवी आहे. "गावची कोरडवाहू विकू आणि त्या पैशात दिंडोरीची बागायत घेऊ." हिशेब बरोबर, क्रम उलटा. गावची सगळी जमीन आधी विकली तर नवी घेताना तुम्ही शेतकरी उरत नाही. आधी घ्या, मग विका. किंवा गावचा एक तुकडा राखा.

हा नियम डावलून केलेल्या खरेदीची तहसीलदार चौकशी करू शकतात, व्यवहार अवैध ठरू शकतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. 'शेतकरी दाखला आम्ही करून देतो' म्हणणारा एजंट त्या दिवशी फोन उचलत नाही.

फोटोतल्या जमिनीचे प्रकार

एजंट सगळ्यालाच 'फार्महाऊस प्लॉट' म्हणतो. प्रत्यक्षात त्यात चार वेगळे प्रकार असतात.

१. बिनशेती प्लॉट. हा कोणीही घेऊ शकतो, शेतकरी असायची गरज नाही. ज्यांच्या आजोबांकडे गावात जमीनच नव्हती, जे दुसऱ्याच्या शेतावर राबून सुरतेला आले, त्यांच्यासाठी हा सरळ रस्ता आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. बिनशेती आदेश, मंजूर ले-आउट आणि त्या प्लॉटचा स्वतंत्र उतारा मागा. प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी आणि प्लॉट आठपेक्षा जास्त असतील तर महारेराचा नोंदणी क्रमांक लागतो. तो संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा.

२. शेतजमिनीचा तुकडा. तुकडेबंदी कायद्याखाली ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या बहुतेक जिल्ह्यांत ग्रामीण भागासाठी बागायत १० गुंठे आणि जिरायत २० गुंठे हे किमान प्रमाण ठरलं. 'अकरा गुंठे' हा आकडा इतका ऐकू येतो तो म्हणूनच. हे नियम बदलत असतात, त्यामुळे खरेदीच्या वेळचा ताजा नियम निबंधक कार्यालयातच विचारा. पण खरेदीखत झालं म्हणजे घर बांधता येतं असं नाही. शेतघरासाठी सर्वसाधारणपणे ०.४ हेक्टर, म्हणजे चाळीस गुंठ्यांच्या आसपास जमीन लागते. अकरा गुंठ्यांत भाजी होईल, परवानगीचा बंगला होणार नाही.

३. सामाईक सातबारा. एक एकराचे दहा भाग पाडायचे, दहा जणांची नावं एकाच उताऱ्यावर चढवायची, नाहीतर नुसतं नोटरीसमोर साठेखत करायचं. तुमचा तुकडा नेमका कोणता, हे कुठल्याच सरकारी नकाशावर नसतं. पुढे एकाने दावा लावला की दहाही जण कोर्टात. हा प्रकार स्वस्त मिळतो, कारण तो अर्धाच मिळतो.

४. आदिवासी खातेदाराची जमीन. सापुतारा उतरल्यावर सुरगाणा, पेठ, कळवण आणि दिंडोरीचा पश्चिम भाग लागतो. डोंगर तिथला सगळ्यात सुंदर. महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीला विकता येत नाही आणि विक्रीच्या परवानगीसाठी आधी शासनाची मंजुरी लागते. 'कागद त्याच्या नावावर, ताबा आपला' असं कोणी सुचवलं तर तिथूनच परत फिरा. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्यांच्या श्रमावर या बागा उभ्या आहेत त्यांच्या पायाखालची जमीन काढून आपलं वीकेंडचं घर नको.

शेतजमिनीच्या कुठल्याही प्रकारात उताऱ्यावर 'भोगवटादार वर्ग १' आहे की 'वर्ग २' ते बघा. गुजरातेत जुनी शरत आणि नवी शरत म्हणतात, तसाच साधारण प्रकार. वर्ग २ म्हणजे विकायला सरकारी परवानगीची अट. 'इतर हक्क' या रकान्यात सोसायटीचं कर्ज, कूळ, वाट यांच्या नोंदी असतात, तो रकाना शेवटपर्यंत वाचा. भाव गुंठ्यात सांगतील. १ गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. इथल्या विघ्याच्या हिशेबात गोंधळू नका. आणि सुरत-चेन्नई महामार्ग, २०२७ चा सिंहस्थ ही नावं घेऊन भाव चढवला तर शांतपणे विचारा, "या गटाचा झोन दाखला दाखवता का?"

तिथे राहायचं म्हणजे

समजा कागद नीट निघाले आणि घर झालं. मग खरी गंमत सुरू होते, कारण तुम्ही एका कामाच्या जागेत राहायला गेलेले असता.

बागेचं वर्ष एप्रिलच्या खरड छाटणीने सुरू होतं. ऑक्टोबरात गोडी छाटणी. त्यानंतर केवडा आणि भुरीच्या भीतीने फवारण्या चालतात. पहाटे ट्रॅक्टरचा ब्लोअर सुरू होतो आणि वारा तुमच्या गॅलरीकडे असला तर औषधाचा वास चहाबरोबर येतो. फ्रान्समध्ये या भांडणांमुळे २०२० पासून घरांजवळ फवारताना द्राक्षबागांना साधारण १० मीटर अंतर सोडायचा नियम केला. आपण निदान घराची जागा ठरवताना शेजारच्या वेलीपासून लांब सरकू शकतो आणि बाळाची खोली त्या बाजूला न काढणं आपल्याच हातात असतं.

डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा इतका उतरतो की मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. धूर दिसला की वैतागू नका. त्या रात्री तो माणूस वर्षभराची कमाई राखत बसलेला असतो. जानेवारी ते मार्च वाइनच्या द्राक्षांची तोडणी. पेठ-सुरगाण्याकडचे मजूर येतात, पिकअप गाड्या धावतात. त्याच दिवसांत पर्यटकही येतात आणि गंगापूर-सावरगावच्या रस्त्यावर रविवारी गाड्यांची रांग लागते. मार्चमध्ये ढग आले की सगळं गाव आकाशाकडे बघतं. गारपिटीच्या संध्याकाळी शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन नुसतं बसलात तरी तुम्ही त्या गावचे झालात असं समजा.

पाण्याचंही समजून घ्या. धरण समोर दिसतं म्हणजे पाणी आपलं होत नाही. ओझर परिसरात वाघाड धरणाच्या पाण्यावर १९९० च्या दशकापासून शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था आहेत. पाळी ठरते, पट्टी भरावी लागते, हिशेब होतो. बाहेरून आलेल्याने बोअर मारून लॉनवर कारंजं उडवलं तर गाव बोलणारच. वीजही विचारून घ्या, घर गावठाण फीडरवर येतं की शेतीच्या? शेतीची थ्री-फेज कधी रात्रीची असते आणि 'तिथूनच काम करू' हा बेत तिथे अडतो. बिबट्या त्या भागात अफवा नाही. संध्याकाळी लहान मुलं आणि कुत्री अंगणाबाहेर एकटी सोडत नाहीत. मोठ्या दवाखान्यासाठी नाशिकच गाठावं लागतं, तेव्हा आई-बाबांना तिथे ठेवायचा विचार असेल तर रात्रीच्या वेळी तो रस्ता एकदा गाडीने करून बघा.

घर भाड्याने देऊन हप्ता निघेल, हाही हिशेब काही जण मांडतात. महाराष्ट्राचं २०२० चं कृषी पर्यटन धोरण आहे, पण तेही शेतकऱ्यासाठी आणि किमान एक एकरासाठी. म्हणजे फिरून प्रश्न तोच.

आणि एक आपल्या गुजरातकरांसाठी. वाइनरी दाखवायला पाहुण्यांना न्या, बाग बघा, तिथल्या कायद्याप्रमाणे वय आणि इच्छा असेल तर चवही घ्या. पण बाटली तिथेच राहू द्या. सापुताऱ्याच्या अलीकडे दारूबंदी आहे आणि 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हा वाद चेकनाक्यावर चालत नाही. येताना मनुके आणा, पेटीभर द्राक्षं आणा, शेजारपाजारी वाटा.

या सुट्टीत काय कराल?

दिंडोरीला जाल तेव्हा जाल. त्याआधी गावी जाऊन या. महाभूलेखवर गट नंबर टाकून सातबारा आणि आठ-अ घरबसल्या बघता येतो, पण जुने फेरफार आणि हक्कसोडपत्रं समोर ठेवून आबा-काकांबरोबर एक दुपार बसायला हवं. कोणाचं नाव आहे, कोणाचं राहिलंय, कोणत्या आत्याने कधी सही केली, हे सगळं त्या दुपारी कळतं. कदाचित आवाज चढेल, कदाचित जुनी नाराजी निघेल. तरी ती दुपार टाळू नका, कारण ज्यांना हे तोंडपाठ आहे ती माणसं आता सत्तरीच्या पुढे गेली आहेत.

बहिणींना त्या बैठकीत बोलवा. चहा करायला नाही, कागद वाचायला.

वारसनोंद राहिली असेल तर अर्ज द्या आणि पोच घ्या. कोणाला पुढे शेतजमीन घ्यायची इच्छा असेल तर त्याचं किंवा तिचं नाव उताऱ्यावर राहील असं आपसांत ठरवा. मग सापुताऱ्याच्या रस्त्याला लागा, हवं तर एखादं वर्ष दिंडोरीत भाड्याने राहून सगळे ऋतू बघा आणि त्यानंतरच बयाणा द्या.

पुढच्या अंकात वारसनोंदीचा अर्ज कसा भरायचा ते बघू. तुमच्या घरी काही अडलं असेल तर मंडळाच्या पत्त्यावर जरूर लिहा. नाव न छापता उत्तर देऊ.